टायपिंगचा धडा आणि कपाळावरचा सेन्सर : प्रकल्प नोंदी

९ डिसेंबर २०२४

प्रकल्पाचा विषय मंजूर झाला: डोक्यावर कामाचा किती लोड आहे ते सेन्सरने ओळखायचं. शेजारच्या टेबलावर ठिबकचं ऑटोमेशन आणि चेहरा बघून हजेरी हे दरवर्षीचे विषय चालले होते. सरांनी आमचा कागद वाचला आणि मान वर केली. "मेंदूवरून कळलं की माणूस दमलाय. पुढं काय? संगणक चहा आणून देणार?"

पुढं टायपिंग. मावशीची सोलापुरात नवी पेठेत टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. खाली टॉवेलचं दुकान, वर दोन खोल्यांत संगणक. क्लार्क-टायपिस्टच्या जागेला मराठी ३० आणि इंग्रजी ४० चं सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे बॅच रिकामी नसते. पण तिथं धडा सरकतो तो वारावर. सोमवार आला की पुढचं पान. कुणाच्या बोटात मागचं पान बसलेलं नसतं, कुणी चार दिवसांपूर्वीच त्याला कंटाळलेलं असतं. डोक्यावरचा लोड उतरला की पुढचं पान द्यायचं, असा आमचा बेत आहे.

कल्पना आमच्या डोक्यातून उगवलेली नाही. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात रॉबर्ट जेकब यांच्या गटाने या दिशेने बरीच वर्षं काम केलं आहे. २०१६ मध्ये बेस्टे युक्सेल आणि सहकाऱ्यांनी १६ नवशिक्यांना पियानोवर जर्मन संगीतकार बाखच्या कोरल रचना शिकवल्या. रचनेत चार ओळी असतात. आधी एकच वाजवायची. कपाळावरच्या सेन्सरने लोड उतरल्याचं सांगितलं की दुसरी ओळ जोडायची. आपापल्या पद्धतीने शिकले त्यापेक्षा या पद्धतीने त्यांचं वाजवणं जास्त अचूक आणि जास्त वेगवान झालं. पियानोच्या जागी कीबोर्ड आला, बोटं तीच. सर म्हणाले, "बरं, करा. पण माणसावर लावण्याआधी मला दाखवा."

१४ डिसेंबर

ईईजी (डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूची वीज मोजायची) की प्रकाश (कपाळात प्रकाश सोडून आतलं रक्त मोजायचं), हा निकाल लावायचा होता. लॅबमध्ये ईईजीचा छोटा अॅम्प्लिफायर होता, म्हणून त्यापासून सुरुवात केली.

हान्स बर्गरने माणसाचा पहिला ईईजी घेतला १९२४ मध्ये, म्हणजे बरोब्बर शंभर वर्षं झाली. सिग्नल तेव्हाही काही मायक्रोव्होल्टपासून शंभरेक मायक्रोव्होल्टपर्यंतचा होता आणि आजही तेवढाच आहे. तो भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या विजेत बुडतो. वीज फिल्टर करता येते. जबड्याला फिल्टर नाही. प्रकल्पातला माझा जोडीदार टायपिंगला बसला की दात आवळतो, जोडाक्षर आलं की जास्तच. जबड्याच्या स्नायूंची वीज साधारण २० हर्ट्झपासून वर पसरते आणि मेंदूच्या बीटा लहरी असतात १३ ते ३० मध्ये. नासाच्या अॅलन पोप यांनी १९९५ मध्ये एक निर्देशांक मांडला होता: बीटाला अल्फा आणि थीटा या संथ लहरींच्या बेरजेने भागायचं. आकडा वाढला तर माणूस कामात गुंतलेला. आमच्याकडे तो आकडा दात आवळले की वाढतो. मांडणीत दोष नाही, टायपिंग करणाऱ्याच्या तोंडावर ती लावण्यात आहे.

दुसरी अडचण अगदी सोलापुरी. इन्स्टिट्यूटमधल्या निम्म्याहून जास्त मुली चपचपीत तेल लावून, घट्ट वेणी घालून येतात. तेलकट केसांतून इलेक्ट्रोड त्वचेला टेकतच नाही. "उद्या केस धुऊन या" असं रोज कुणाला सांगणार, आणि तेही नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या गावात.

कपाळावर केस नसतात. प्रकाशच घ्यायचा.

२१ डिसेंबर

सुटे भाग आले. ७४० आणि ८५० नॅनोमीटरचे एलईडी, प्रकाश मोजणारा ओपीटी १०१ फोटोडायोड, त्याचे आकडे करणारी एडीएस १११५ चिप, आणि सगळं चालवणारा छोटा संगणक ईएसपी ३२.

तत्त्व सोपं आहे. अंधारात टॉर्चवर तळहात ठेवला की बोटं लाल दिसतात, कारण लांब तरंगलांबीचा प्रकाश मांसातून आरपार जातो. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरचा पट्टा कवटीतूनही थोडा आत शिरतो. जिवंत डोक्यावर हे करता येतं, हे फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवलं. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन ८५० ला जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं ७४० ला. दोन्ही मोजून वजाबाकी मांडली की कपाळामागच्या भागात ताजं रक्त किती आलं याचा अंदाज येतो. डोकं चाललं की ताजं रक्त येतं.

एलईडी आणि डिटेक्टरमध्ये अंतर ३ सेंटिमीटर. प्रकाश केळ्याच्या आकाराच्या वाटेने आत वळून परत येतो, अंतर कमी ठेवलं तर तो कातडीतच फिरून येतो. त्या कातडीतल्या रक्ताचा हिशेब वेगळा काढायला ८ मिलिमीटरवर दुसरा डिटेक्टर लावतो आहोत. लांबच्यातून जवळचा वजा. हे न करता कपाळाचा आलेख काढला तर मेंदूपेक्षा लाजल्यावर येणारी लाली जास्त मोजली जाईल.

पट्टा शेजारच्या काकूंनी शिवून दिला, त्या युनिफॉर्म शिवतात. काळं कापड दुहेरी, आत इलॅस्टिक. "कुणाच्या शाळेचा हा?" म्हणून विचारत होत्या.

२ जानेवारी २०२५

आलेखावर नाडी दिसली! साधारण सेकंदाला एक ठोका, स्वच्छ. सेन्सर रक्तच बघतोय याची यापेक्षा सोपी खूण नाही. नाडीखाली आणखी एक संथ लाट आहे, दहाएक सेकंदांना एक. ती रक्तदाबाची, तिला मेयर लहर म्हणतात. तिचा त्रास पुढे होणार, कारण डोक्याचा प्रतिसादही त्याच संथ गतीने येतो.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाऊन सेन्सर माझ्या हातावर कोपराखाली बांधला आणि त्यांनी बीपीचा पट्टा दंडावर फुगवला. ऑक्सिजनवाली रेघ खाली, दुसरी वर. पट्टा सोडल्यावर दोन्ही उसळून परत. डॉक्टरांनी आपला पेशंट थांबवून ठेवला आणि परत एकदा करून बघितलं.

१५ जानेवारी

गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचा आठवडा. काम शून्य. यात्रा भरते त्या होम मैदानाकडून कुणी येऊ शकत नाही, आणि आलं तर ते गड्डा बघायला चला म्हणतं.

२३ जानेवारी

पट्टा सरांना दाखवला, होकार मिळाला. आता मोजमापाची पातळी ठरवणं. प्रत्येकाचं कपाळ वेगळं, त्वचेचा रंग वेगळा (मेलॅनिनही प्रकाश पितं), म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही. प्रत्येकाला आधी सोपं काम, मग अवघड काम द्यायचं आणि त्यामधला फरक त्याचा त्यालाच लावायचा.

अवघड कामासाठी एन-बॅक चाचणी घेतली. पडद्यावर एकेक अक्षर येतं. क, म, क, त… दोन अक्षरांमागे हेच होतं का? असेल तर बटण. वाचायला पोरखेळ वाटतो, करायला घाम फुटतो. वर्गातल्या मित्रांना बसवलं. एक जण पट्टा बघूनच म्हणाला, "काय बे, डोक्यात बल्ब लावलास काय?" आणि नंतर अर्ध्यावर उठून गेला.

एक गोष्ट ठळक दिसली. विचार करताना कपाळाला आठ्या पडल्या की आलेख फाटतो. टफ्ट्सच्याच एरिन सोलोवी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे तपासून ठेवलं आहे: टायपिंग आणि माऊस यांचा मोठा अडथळा होत नाही, आठ्यांचा होतो. म्हणजे आमच्या कामाला पद्धत योग्य आहे, फक्त आठ्यांचे तुकडे ओळखून टाकून द्यायचे. आठी पडली की जवळचा आणि लांबचा असे दोन्ही डिटेक्टर एकदम उडी मारतात, त्यामुळे ओळखायला सोपं जातं.

४ फेब्रुवारी

पहिल्यांदा इन्स्टिट्यूटमध्ये. ज्यांचं वय १८ च्या वर आहे आणि ज्यांनी स्वतः हो म्हटलं, अशांनाच बसवलं.

डाव्या भुवईच्या वर सेन्सर बसतो. टिकली मधोमध असते म्हणून वाचते, पण एकीने आडवं गंध लावलं होतं. तिने ते पुसायला हात वर केला, मावशी म्हणाली, "असू दे गं, पट्टाच थोडा सरकवतील." सरकवला.

ही मुलगी घरी तेलुगू बोलते, मराठी शाळेत शिकली. बोटं झपाझप चालतात, आणि मग वेलांटी येते. रेमिंग्टनच्या मराठी कीबोर्डवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची असते. 'किती' लिहायचं तर डोक्यात 'क' आधी येतो, बोटाला मात्र आधी वेलांटी आणि मग 'क' सांगावं लागतं. 'ख' तर अर्धा मारून त्याला काना जोडायचा. मी शेजारी उभी राहून बघत होते. प्रत्येक पहिल्या वेलांटीआधी तिचं डावं बोट हवेत किंचित थांबतं, ओठ हलतात, मग की दाबली जाते.

साहजिकच जोडीदार म्हणाला, ही थांबण्याची जागा आलेखावर दाखवू. ते होणार नाही. रक्त पोचायला वेळ लागतो. डोकं कामाला लागल्यावर प्रतिसाद शिगेला जायला पाच-सहा सेकंद जातात, तेवढ्यात ती ओळीच्या शेवटाला पोचलेली असते. एका वेलांटीचा लोड या यंत्राला दिसत नाही. वेलांट्यांनी भरलेला उतारा आणि कान्यामात्रांचा उतारा यांतला फरक दिसतो. आम्हाला पान पुढे सरकवायचंय, तेवढं पुरतं.

१२ फेब्रुवारी

आज मावशीशी चांगलीच जुंपली.

तिने आलेख बघितला आणि म्हणाली, "अगं, हे छापून दे ना महिन्याच्या महिन्याला. मुलीचं लक्ष किती टक्के होतं ते. पालक विचारतात मला."

"मावशी, हे लक्ष नाहीये."

"मग काय आहे?"

"कपाळामागं रक्त किती आलं ते."

"म्हणजे लक्षच की. फी बाप भरतो, त्याला कळायला नको?"

तिचं म्हणणं वावगं नव्हतं. पालक खरंच विचारतात. एक वडील लूमवर पाळी करून येतात आणि वर येऊन दारातूनच विचारतात, "करते का नीट?" त्यांच्या हातात ४२ टक्के असा कागद दिला तर घरी काय होईल ते मावशीलाही माहीत आहे. आणि तो ४२ पट्टा घट्ट बसला की ४८ होतो.

मी तिला चीनमधल्या जिनहुआ शहरातल्या प्राथमिक शाळेची हकीकत सांगितली. तिथं मुलांच्या डोक्याला ईईजीचे पट्टे होते, पुढे दिवा. लक्ष असलं की लाल, भरकटलं की निळा. आकडे शिक्षकांकडे आणि पालकांकडेही जायचे. २०१९ मध्ये त्याची चित्रफीत बाहेर आली, लोक खवळले, आणि स्थानिक शिक्षण विभागाने ते पट्टे थांबवले. आपल्याकडेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ खालच्या मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवायला मनाई लिहिलेली आहे. नियमांचा मसुदा गेल्याच महिन्यात आला.

मावशी म्हणाली, "मी कुठं दिवा लाव म्हणते?" आणि चहा टाकायला गेली. परत आल्यावर म्हणाली, "मग मला काय मिळणार यातून?" हा प्रश्न बरोबर आहे. धडा योग्य वेळी पुढे सरकेल, एवढंच मिळेल, असं सांगितलं. तिचा चेहरा फारसा खुलला नाही.

२० फेब्रुवारी

मावशीच्या भांडणातून आराखडा नक्की झाला.

जेकब आधी डोळ्यांच्या हालचालींवर काम करायचे. नजर जाईल तिथे क्लिक होऊ लागलं तर माणसाला नुसतं बघणंही अवघड होतं, हात लावेल ते सोनं होणाऱ्या मिडास राजाच्या स्पर्शासारखं, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. मेंदूच्या सिग्नलला हे दुप्पट लागू आहे. नजर निदान वळवता येते, लोड ठरवून कमी करता येत नाही. म्हणून असल्या सिग्नलवर संगणकाने अशीच कामं करावीत, की अंदाज बरोबर आला तर फायदा व्हावा आणि चुकला तर कुणाच्या लक्षातही येऊ नये.

त्यावरून आम्ही ठरवलं ते असं. यंत्र पुढच्या पानाची परवानगी देऊ शकतं, मागचं पान सक्तीने परत देऊ शकत नाही. कोणतंही पान विद्यार्थ्याला एका बटणाने बदलता येईल, यंत्राचं मत काहीही असो. पडद्यावर लोडचा आकडा, रंग, काटा, हसरा-रडका चेहरा, काहीही नाही. तास संपला की कच्चे आकडे पुसायचे, फक्त त्या विद्यार्थ्याची सोपं-अवघडची पातळी त्याच्याच नावाच्या फाइलीत राहील, आणि ती तो स्वतः पुसू शकेल.

जोडीदाराला काटा काढून टाकणं जिवावर आलं. त्याने तो फार सुंदर बनवला होता, मोटारच्या स्पीडोमीटरसारखा. परीक्षकांना दाखवायला म्हणून वेगळ्या फाइलीत ठेवला आहे.

५ मार्च

पुरे तास घ्यायला सुरुवात. गंधवाली मुलगी रोज येते. वेलांटीच्या पानावर यंत्राने तिला बराच वेळ अडवलं, पुढच्या जोडाक्षरांवर मात्र झटकन सोडलं. तिला विचारलं तर म्हणाली, जोडाक्षरं तिने घरी कागदावर कीबोर्ड काढून पाठ केली आहेत.

१९ मार्च

ही नोंद थोडी लांबेल, कारण प्रकल्पाचा खरा गुंता इथे आहे.

बीकॉम झालेला एक मुलगा येतो. संध्याकाळी पाचला त्याचा लोड छान उतरला, यंत्राने पुढचं पान दिलं. मी टाइप केलेला उतारा बघितला तर चुकाच चुका. त्याने पंधरा मिनिटांपूर्वी नाद सोडला होता. बोटं चालू होती, डोकं बंद. सोपं झालं म्हणून लोड उतरतो तसा हात टेकले म्हणूनही उतरतो, आणि कपाळावरून दोन्ही सारखेच दिसतात. एन-बॅकमध्येही हे होतं. दोन मागच्याऐवजी चार मागचं विचारलं की लोक थोडा वेळ झगडतात आणि मग आलेख सपाट.

म्हणून नुसत्या मेंदूवर विसंबायचं नाही. कीबोर्डकडे स्वतःची साक्ष आहे: चुका, वेग, दोन कळांमधला वेळ. ती फुकट मिळते आणि जास्त खरी असते. दोन्ही एकत्र ठेवले की चित्र उलगडतं. लोड कमी, चुका कमी: पुढचं पान. लोड जास्त, चुका कमी: त्याला हात लावू नका, तो शिकतोय. माझ्या मते सगळ्या प्रकल्पाची किंमत या एका खान्यात आहे. नुसत्या चुका मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला हा विद्यार्थी तयार वाटला असता आणि त्याने त्याला पुढे ढकललं असतं. लोड कमी, चुका जास्त: "थोडं थांबायचं का?" असं विचारा, बास. दोन्ही जास्त: आहे तेच पान, पण छोटा उतारा.

सरांनी विचारलं, मग मेंदू कशाला, चुकाच मोजा. त्यांना दुसरा खाना दाखवला. जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर घ्या, सर्किट मागे टाका."

२ एप्रिल

ऊन पेटलं. दुपारच्या बॅचला वरच्या मजल्यावर पंखा गरम हवाच फिरवतो. घाम पट्ट्याखाली साचतो, सेन्सर घसरतो, आणि उष्णतेने कपाळाच्या कातडीतलं रक्तही वाढतं. जवळचा डिटेक्टर त्यातलं बरंचसं वजा करतो, सगळं नाही.

खालच्या दुकानदाराने टेरी टॉवेलच्या काठाची कापलेली पट्टी दिली. सेन्सरच्या वर, केसांच्या कडेला ती शिवून घेतली. घाम वरूनच टिपला जातो. इतक्या महिन्यांतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची सुधारणा. तरी दुपारी एक ते चार मोजणी बंदच ठेवायची ठरवली. त्या वेळात सॉफ्टवेअर नुसत्या चुकांवर चालेल.

११ एप्रिल

बाहेरचे परीक्षक आले. स्पीडोमीटरवर खूश झाले, जोडीदार माझ्याकडे बघून हसला.

मग एकांनी विचारलंच, "यावरून माणूस खोटं बोलतोय हे कळेल का? पोलिसांना उपयोगी पडेल." उत्तर दोन भागांत दिलं. एक, कपाळामागे रक्त वाढलं म्हणजे डोकं राबतंय, कशासाठी राबतंय ते त्यातून निघत नाही. खोटं रचणारा राबतो, तसा भेदरलेला खरा माणूसही राबतो. दोन, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. परीक्षक म्हणाले, "कायदा कुठून शिकलात?" मावशीशी भांडताना, असं सांगायचं होतं, नाही सांगितलं.

दुसऱ्यांचा प्रश्न जास्त खोल होता: पट्टा घातल्याचाच परिणाम असेल तर? कुणीतरी आपल्याकडे बघतंय म्हणून मुलं नीट बसत असतील. ते तपासायला काही जणांना पट्टा लावून सेन्सर बंद ठेवायला हवा आणि पानं नुसती वारावर सरकवायला हवीत. आमच्याकडे तेवढी मुलं आणि तेवढा वेळ उरलेला नाही. रिपोर्टमध्ये तसं लिहिलं.

२४ एप्रिल

रिपोर्ट बाइंडिंगला दिला. एक पट्टा मावशीकडे राहणार आहे. तिने तो सकाळच्या बॅचपुरता चालू ठेवलाय. कागद मागत नाही आता. फक्त चुका कमी असूनही यंत्र ज्यांना थांबवून ठेवतं अशा मुलांना "चल, पुढचं पान घे" म्हणणं तिने सोडलंय, असं जोडीदार म्हणतो. मी तिला विचारलं तर ती ते कबूल करणार नाही.

पुढच्या बॅचने हा विषय घेतला तर त्यांच्यासाठी: वायरिंगचा नकाशा लॅबच्या कपाटात, दुसऱ्या कप्प्यात. ७४० च्या एलईडीचे पाय नाजूक आहेत, सोल्डर करताना चिमट्यात धरा. एलईडी सतत पेटता ठेवू नका, आळीपाळीने लावा आणि मध्ये दोन्ही विझवून खोलीतला उजेड मोजून वजा करा, नाहीतर खिडकीतलं ऊनच मोजत बसाल. उजव्या भुवईवरही एक सेन्सर वाढवा. आणि इन्स्टिट्यूटमध्ये जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर मावशीला वेळ नसतो.